दुपारची पाळी

वसईजवळच्या गिरीजमधल्या त्या विहिरीवर पाण्याच्या पाळ्या ठरतात ईस्टरनंतरच्या रविवारी, देवळातली मिस्सा आटोपल्यावर. विहीर सामाईक, चार घरांची. पुरुष कठड्यावर बसतात, बायका केळीच्या सावलीला उभ्या राहतात. वर्षभर वाडीत वाकून राबायचं बायकांनी, आणि पाणी कुणाला केव्हा हे ठरवायचं ज्यांच्या चपलेला वाडीचा चिखल फक्त रविवारी लागतो त्यांनी. ही रीत कुणी घातली कुणाला ठाऊक नाही. वाईट रीतींचा बाप कधी सापडतच नाही.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाळ्या सांगायला फर्डिनंड उभा राहिला. मुंबईच्या एका कचेरीत तो हेडक्लार्क होता. साहेबासमोर जीभ टाळूला चिकटायची, ती सगळी इथे विहिरीवर येऊन सुटायची.

"पहाट ॲन्सेल्मची. सकाळ माझी. त्यानंतर प्रेमलताबायच्या घरची. दुपार मटिल्डा वहिनीची."

मटिल्डाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ती फर्डिनंडच्या थोरल्या भावाची, हिलरीची बायको. हिलरी जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याच्या वाटणीची वाडी ती एकटी करत होती, आणि त्या वाडीला संध्याकाळचं पाणी सासऱ्याच्या काळापासून होतं.

"संध्याकाळची पाळी आमची," ती म्हणाली. "दुपार कशी देतोस?"

"तू घरातच असतेस दिवसभर. आम्हाला नोकऱ्या हायत. तुला दुपार काय नि सांज काय."

"आणि सांज कुणाला?"

"ती राखून ठेवलीय. सामाईक कामाला."

"कसलं सामाईक काम?"

"ते पुरुष बघतील, वहिनी."

कठड्यावर बसलेला ॲन्सेल्म हसला. ॲन्सेल्म म्हणजे पलीकडच्या वाडीचा, पोट सुटलेला, कुणी काही बोललं की हसणारा माणूस. "अगो मटिल्डा, तुझे धंदे तरी किती? सकाळी साळी, दुपारी बाइंडर, सांजचा माळी. एका बाईत तीन पुरुष. आम्हाला एक तरी होऊ दे."

सगळे हसले. प्रेमलताचा नवराही हसला. प्रेमलता हसली नाही, पण ती सावलीत उभी होती आणि सावलीतल्यांचं मोजत नाहीत. पाळ्या ठरल्या. पुरुष उठून जेवायला गेले.

आता हे 'तीन धंदे' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण गावात ते कुणी धड विचारलंही नव्हतं. मटिल्डा हौसेने इकडून तिकडे उड्या मारते असाच लोकांचा समज. बाईने एक काम केलं तर ते तिचं कर्तव्य, आणि तीन केली तर चाळे.

माग तिला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या उद्योगवर्गातून मिळाला होता. वर्ग बंद पडला तेव्हा खड्ड्यात बसून विणायचा तो माग तिने वाडीला लागून असलेल्या पडवीत बसवून घेतला. त्यावर पंचे आणि म्हाताऱ्या बायकांसाठी लाल चौकड्यांची लुगडी. गिरणीचं लुगडं अंगाला बोचतं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून होत्या. विणायचं ते पहाटे. आदल्या सांजेला वाडी भिजलेली असते, तिची ओल पडवीत भरून राहते, सूत नरम राहतं. ऊन वर आलं की तेच सूत वाळल्या गवतासारखं होतं, धोटा फेकला की तटकन तुटतं. मग माग बंद.

मग पुस्तकं. हिलरी मुंबईत एका छापखान्यात बाइंडर होता. जुजा, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायच्या कशा, पाठीला खळ लावायची किती, पुठ्ठा बसवून शिकंज्यात दाबायचा केव्हा, हे सारं त्याने तिला शिकवलं. बायकोला शिकवून ठेवलं तर घरी आणलेलं काम लवकर उरकतं, इतका साधा हिशेब. तो गेल्यावर शाळेची नि देवळाची पुस्तकं तिच्याकडे येऊ लागली. हे काम उन्हाळ्याचं आणि भर दुपारचं. पत्र्याखाली खळ झटकन वाळते, पुठ्ठा ताठ बसतो. पावसाळ्यात बांधलेल्या पुस्तकाला बुरशी येते. पहाटे सुताला लावलेली खळ उरायची, त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकलं की तीच दुपारी पुस्तकांना. मोरचुदाच्या पुडीतलंच थोडं चुन्यात कालवून पानवेलीवर.

आणि ऊन उतरलं की वाडी. पानवेल, चार ओळी मोगरा, मांडवावर शिराळी. पाटाने पाणी सोडायचं, वाफ्यांची दारं मोडत जायचं. ती ओल पुन्हा दुसऱ्या पहाटे मागाला. एक काम दुसऱ्याच्या पोटात होतं. ती बाई तीन दगडांवर पाय ठेवून नव्हती, तिचा दगड एकच होता: संध्याकाळचं पाणी. तोच काढून घेतला.

दुपारच्या पाण्याने काय होतं ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. तापल्या मातीत पाणी पडलं की मूळ उकडतं. पानवेलीची खालची पानं पिवळी पडली, मग वरची. मोगऱ्याच्या कळ्या न उमलता गळायला लागल्या. सांजेपर्यंत वाफे कोरडे ठाक. पहाटे पडवीत धूळ नि सूत तुटतंय. तोंडात पाणी घेऊन सुतावर फवारून बघितलं, ओल्या पोत्यांची झड लावून बघितली. बोटभर विणून व्हायचं नि दोन धागे जोडत बसायचं. दुपारी पुठ्ठ्याला खळ लावली की विहिरीवरून हाक: पंप चालू झाला, ये. मध्येच उठायचं, पाणी धरायचं, परत येईस्तोवर अर्धी खळ वाळून पुठ्ठा कानासारखा वळलेला. वीज गेली तर पाळी बुडाली, आणि दुपारी वीज जायचीच.

सामाईक काम कसलं तेही कळलं. पहिल्या काही दिवसांतच एका सांजेला आळीत हॉर्न वाजला. मटिल्डा बाहेर आली तर विहिरीशी टँकर उभा, त्याची जाड नळी विहिरीत सोडलेली. ड्रायव्हर सातिवलीकडचा, बाबू नावाचा, बोनेटवर बसून चणे खात होता.

"कुणाला विचारून?" तिने विचारलं.

"फर्डिनंडशेटला. रोज सांजचं पानी आपलं. मनवेलपाड्याला बिल्डिंगी झाल्यात ना, नळाला पानी नाय तिथं."

"आणि माझ्या वेलीला?"

"वेलीची बिल्डिंग बांधा, बाय. तिलापन आनून देतो."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे पाणी कुणाचं आहे. ज्यांना ठाऊक होतं ते त्याच वेळी घरी पाय पसरून बसले होते.

महिनाभराने फादर आले. हातात तिने बांधलेलं गायनाचं पुस्तक. गायन मंडळाची जुनी पुस्तकं शाळा उघडण्याआधी बांधून द्यायची होती, त्यातली पहिली थप्पी तिने पोचवली होती.

"मटिल्डा, हे बघ. पुठ्ठे वळलेत. टेबलावर ठेवलं की पुस्तक आपोआप उघडतं."

"ठाऊक हाय, फादर. परत द्या. सोडवून नव्याने बांधते."

"तुझं काम असं नव्हतं कधी. माझं ऐक, एखादं काम सोड. माणसाला सगळं झेपत नाही."

"कुठलं सोडू?"

फादर गोंधळले. सल्ला देणाऱ्याला पुढचा प्रश्न आवडत नाही. "माग सोड. नाहीतर वाडी फर्डिनंडला करायला दे. किती चांगला दीर आहे तुझा. भावासाठी दर आठवड्याला पैसे भरून मिस्सा लावतो हल्ली."

"कोण लावतो?"

"फर्डिनंड. ईस्टरनंतर एकही आठवडा चुकला नाही. तू ऐकलं नाहीस? हिलरीच्या आत्म्यासाठी, भाऊ फर्डिनंड यांच्याकडून."

मटिल्डाने ते ऐकलं नव्हतं, कारण ती मिस्सा शुक्रवारी सकाळी असायची आणि शुक्रवारी सकाळी ती तुटलेलं सूत जोडत असायची. पण तिला एक ठाऊक होतं. हिलरीच्या मयताला फुलांचा हार आणायचा होता, तेव्हा फर्डिनंडने तिच्याच वाडीतला मोगरा तोडून नेला होता. असा माणूस दर आठवड्याला मिस्सा लावतो, तर खिसा दुसऱ्याचा असणार.

ती तशीच त्याच्या घरी गेली. फर्डिनंड चहात पाव बुडवून खात होता.

"हिलरीच्या मिस्सा कशातून लावतोस?"

तो लाजलासुद्धा नाही. उलट खूश झाला. "कळलं का तुला. मीच सांगणार होतो. टँकरचं जे येतं ते चार घरांत वाटतो. तुझ्या घरचा वाटा हिलरीच्या नावावर मिस्सेला देतो. तुझ्या हातात दिला असता तर सुतात नि पुठ्ठ्यात गेला असता. हा कसा, वर जमा होतो."

चोर घरातली वस्तू नेतो, हे मटिल्डाला माहीत होतं. चोर ती वस्तू नेऊन देवाला वाहतो आणि तुझ्या नवऱ्याच्या नावाने वाहिली म्हणून तुझ्याकडून शाबासकीची वाट बघतो, हे नवीन होतं.

"माझं पाणी विकतोस," ती सावकाश म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्यावर उपकार करतोस."

"विहीर बापाची हाय, वहिनी. तू बाहेरून आलीस."

"बाहेरून आले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. तुझ्या बापाला शेवटी भरवलं कुणी? बाहेरचीनेच ना?"

"आता आवाज वाढवू नको. शेजारी ऐकतात."

"ऐकू दे की. त्यांच्याही चहात माझं पाणी हाय."

त्याच्या बायकोने आतून दार लोटून घेतलं. फर्डिनंडने दुसरा पाव बुडवला.

मटिल्डा घरी आली नि आधी पानवेलीकडे गेली. मांडवाच्या उत्तरेची रांग अजून हिरवी होती. आणखी आठवडाभर दुपारचंच पाणी मिळालं तर ती जाणार, आणि पानवेल एकदा बसली की नवीन लावून उभी करायला वर्षं जातात. मग माग कशाला, पुस्तकं कशाला. मग दिराच्या दारात भाकरीच्या तुकड्यासाठी बसायचं, आणि त्याने तेही वर जमा करायचं.

तिने दुसऱ्या दिवशी जे केलं त्याला शहाणपणा म्हणता येणार नाही. निदान साळी तरी म्हणणार नाही.

मागावर चढवण्याआधी लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, उघड्यावर लांब पसरून त्याला खळ लावावी लागते. त्याला सरळ, लांब जागा हवी. तशी जागा एकच होती, विहिरीकडे जाणारी आळी. दोन टोकांना खुंट ठोकायचे, मध्ये कमरेइतक्या उंचीवर सगळे धागे ताणायचे, आणि कुंच्याने खळ ओढत जायची. हे करायचं पहाटे, कोवळ्या उन्हात वाळेल असं. सांजेला कुणी करत नाही. सांजेला खळ वाळत नाही, रात्रीचं दव पडलं की धागे एकमेकांना चिकटतात, ताणा वाया जातो. मटिल्डाने तो सांजेला पसरला. वाया जाणार हे ठाऊक असून.

प्रेमलता कुंपणापाशी आली. "अगं, ही काय वेळ झाली?"

"ती टोकाची काठी धर जरा. सैल पडतंय."

प्रेमलताने आळीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, आणि मग काही न विचारता पदर खोचून काठी धरली.

हॉर्न वाजला. टँकर वळणावरून आळीत शिरला आणि थांबला. समोर आळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, तिरपा, लाल धाग्यांचा पट्टा ताणलेला.

"ओ बाय, बाजूला घ्या ना."

"खळ ओली हाय. आता नाय निघत."

"मंग कधी निघल?"

"वाळली की."

"सांजचं कुठं वाळतंय?"

"तेच म्हणते मी."

बाबूने इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने फर्डिनंड आला, नुकताच कचेरीतून आलेला, बूटसुद्धा काढले नव्हते. मागे ॲन्सेल्म, प्रेमलताचा नवरा, आणखी चार-पाच जण. आळीत माणसं जमायला कारण लागत नाही.

"वहिनी, हे काढ."

"रस्ता सामाईक हाय. मी सामाईक काम करते."

"बाबू, घाल गाडी."

बाबूने मान हलवली. "सूत अडकलं चाकात तर काढनार कोन? आनि लोक मारतील ते येगळंच. तुम्हीच काय ते करा."

फर्डिनंडने आजूबाजूला बघितलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. विहिरीवर ज्याने पाळ्या वाटल्या त्याला आता मागे सरता येत नव्हतं. त्याने ॲन्सेल्मच्या हातातला कोयता ओढून घेतला आणि कडेच्या धाग्यांवर मारला. मूठभर धागे सुटले, दोन्हीकडे लोंबकळले.

मटिल्डाने ओरडावं, रडावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तिने खळीचं भांडं खाली ठेवलं, सुटलेली दोन टोकं हातात घेतली, अंगठ्याखाली धरून गाठ मारली. मग पुढची दोन. साळ्याची गाठ बारीक असते, डोळ्याची पापणी लवावी इतक्या वेळात बसते. तिने उन्हाळाभर दुसरं केलं काय होतं? तुटकं जोडत होती. हात सरावाचा झाला होता.

फर्डिनंडने पुन्हा मारला. ती गाठी मारत त्याच्या मागे सरकली. तो पुढे, ती मागे. कोयता सुताला नीट लागत नाही, ताण सैल झाला की धागे दबतात नि निसटतात. त्याला घाम फुटला. बुटाला खळ लागली. कुणीतरी मागून खुदकन हसलं, आणि ते हसणं मटिल्डावर नव्हतं.

"अरे फर्डिनंड," ॲन्सेल्म एकदम म्हणाला, "थांब जरा. हे कुणाचं लुगडं?"

"तुझ्या आईचं," मटिल्डा मान वर न करता म्हणाली. "सणाला हवं म्हणून माझा जीव खाल्लाय तिने."

"मग काय कापतोस, भल्या माणसा? म्हातारी मला घरात घेईल का?" ॲन्सेल्मने कोयत्याचा दांडा धरला. त्याला पानवेलीचं दुःख नव्हतं, पाण्याचं नव्हतं, विधवेचं तर नव्हतंच नव्हतं. त्याला आईची भीती होती. पण न्यायाला येताना माणसं अशाच दारातून येतात, हे मटिल्डाला कळत होतं, आणि त्याचाच तिला सर्वांत जास्त संताप येत होता. चार घरांदेखत तिचं पाणी गेलं तेव्हा हा हसला होता. आईचं लुगडं म्हटल्यावर याला कोयता दिसला.

बाबूने बोनेटवर थाप मारली. "मी चाललो. तुमचं भांडन मिटलं की निरोप धाडा. तिकडं बिल्डिंगीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या असतील, त्यांच्याही शिव्या मलाच खायच्यात." त्याने गाडी मागे घेतली. वळणावर कुंपणाचा एक बांबू मोडला.

मटिल्डाने हातातली गाठ पुरी केली. ती विहिरीकडे गेली आणि पंपाचं बटण दाबलं.

"पाळी तुझी नाय," फर्डिनंड मागून म्हणाला.

"मग बंद कर येऊन."

तो जागचा हलला नाही. पाटाला पाणी आलं. तिने पहिल्या वाफ्याचं दार मोडलं, मग दुसऱ्याचं. अंधार पडेपर्यंत ती पाणी धरत होती. आळीत प्रेमलता एकटीच ताणा गुंडाळत होती. अर्धा चिकटलेला, अर्धा गाठींचा.

पुढच्या रविवारी पुरुष पुन्हा कठड्यावर बसले. फर्डिनंडने खाकरून सांगितलं, "हिलरीच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून संध्याकाळची पाळी वहिनीला परत देण्यात येत आहे."

"हिलरीचा आत्मा शांत हाय," मटिल्डा म्हणाली. "त्याच्या मिस्सा यापुढे मी लावीन, माझ्या कमाईतून. तू फक्त एवढं म्हण की चूक झाली."

"आता मिळाली ना पाळी? मग?"

"म्हण."

"वहिनी, ताणू नको फार."

कुणी हसलं नाही. फर्डिनंडने घड्याळ बघितलं, जेवायची वेळ झाली म्हणाला आणि उठला. त्याच्यामागून बाकीचे उठले. ती त्याच्या घराच्या पायरीपर्यंत मागे गेली. त्याने दार लावून घेतलं.

पानवेलीची उत्तरेची रांग वाचली. बाकीची गेली. गायनाची पुस्तकं तिने सोडवून पुन्हा बांधली, त्यातलं एक रविवारी फर्डिनंडच्या हातात असतं. आवाज बरा आहे त्याचा. तो तिच्यासमोरच्या बाकाशी उभा राहून गातो. 'चूक झाली' हे दोन शब्द त्याने अजून म्हटलेले नाहीत, आणि मटिल्डा दर रविवारी मिस्सेनंतर, सगळ्यांच्या देखत, त्याच्याकडे ते मागते.